किर्र

मराठीत 'कान वाजणे' असा एक वाक्प्रचार आहे. कोणी हाक मारली नसताना हाक ऐकू आली, दाराची कडी हलली नसताना हलल्याचा भास झाला, की घरातली माणसे म्हणतात, "कान वाजले असतील तुझे." ऐकणे हे कानाचे काम आणि वाजणे हे वाद्याचे. कान स्वतःच वाजू लागला की त्याच्या साक्षीवर कोणी विश्वास ठेवायचा नाही, असा निवाडाच या दोन शब्दांत देऊन टाकलेला आहे. गेली काही वर्षे आमचे दोन्ही कान अहोरात्र वाजत आहेत आणि हा निवाडा आम्हांला अधूनमधून ऐकावा लागतो. आवाज आहे; तो बाहेर कोठेही नाही; आमच्याखेरीज तो कोणालाही ऐकू येत नाही. वैद्यकात याला टिनिटस म्हणतात.

(लेखनात स्वतःला 'आम्ही' म्हणण्याची आमची जुनी खोड आहे. ती कालबाह्य आहे असे आमचे विद्यार्थी सांगत असतात. पण २०१७ च्या उन्हाळ्यापासून हे बहुवचन अक्षरशः खरे झाले आहे: एक आम्ही आणि एक तो आवाज. तेव्हा आता ते बदलण्यात अर्थ नाही.)

विकार दुर्मीळ मुळीच नाही. जगभरच्या पाहण्या एकत्र करून २०२२ साली काढलेल्या एका अंदाजानुसार प्रौढांपैकी सुमारे १४ टक्क्यांना, म्हणजे ७४ कोटींहून अधिक माणसांना, तो कमीअधिक प्रमाणात आहे, आणि १२ कोटींहून अधिक माणसांना तो तीव्र स्वरूपात आहे. एवढी माणसे एकाच गोष्टीने हैराण असताना बोलीत तिला एखादे सुटसुटीत नाव असायला हवे होते. अर्धशिशीला आहे, मुरड्याला आहे, उसण भरण्याला आहे. याला नाही. नाव नसले की माणसे वर्णन करू लागतात, आणि येथूनच हा विषय आमच्यासारख्या साहित्य शिकवणाऱ्याच्या अंगणात येतो.

तपासणीच्या वेळी पहिला प्रश्न असतो, "कसला आवाज येतो?" प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर उपमेवाचून देताच येत नाही. आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या निबंधांवर 'उपमा ढोबळ आहे', 'अधिक नेमके लिहा' असे शेरे मारत आलेल्या माणसाला त्या खुर्चीत बसून जे सुचले ते असे: चार घरे पलीकडे शिट्टी होण्याच्या बेतात असलेला कुकर, रात्री दूरदर्शनचे कार्यक्रम संपल्यावर पडद्यावरच्या रंगीत पट्ट्यांबरोबर येणारा तो एकसुरी सूर. दोन्ही ढोबळ. बाहेर बाकावर बसलेल्या एका आजींनी सांगितले, "पिठाची गिरणी लांब कुठेतरी चालू आहे आणि कोणी बंदच करीत नाही." एसटीवर चालक म्हणून नोकरी केलेले एक गृहस्थ म्हणाले, "गाडी डेपोत लावली, चावी काढली, तरी इंजिन चालूच." ही दोन्ही वर्णने आमच्यापेक्षा सरस होती, कारण त्यांत आवाजाच्या जातीपेक्षा त्याचे न थांबणे पकडलेले होते.

आम्ही घरी येऊन शब्द शोधू लागलो. ध्वनीचे अनुकरण करणाऱ्या शब्दांच्या बाबतीत मराठी मोठी श्रीमंत भाषा आहे. किणकिण, रुणझुण, भणभण, कुणकुण, खळखळ, सळसळ, टिकटिक, घरघर, कुरकुर. यादी लिहून काढल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. यांतले बहुतेक सर्व शब्द अभ्यस्त आहेत. म्हणजे एकच अक्षरगट दोनदा उच्चारून ते झाले आहेत. दोनदा उच्चारायचे म्हणजे मध्ये एक फट राहते. पैंजण वाजते, थांबते, पुन्हा वाजते; पाणी एका दगडावर आपटते, मग दुसऱ्यावर. भाषेने जगातले आवाज ऐकले ते येणारे-जाणारे, आणि त्या येण्याजाण्याचे अनुकरण केले. आमच्या आवाजाला फट नाही. श्वास घ्यायलासुद्धा तो थांबत नाही. लिहायचाच तर 'ईऽऽऽ' असा अवग्रह ओढत न्यावा लागेल, आणि कागद कोठेतरी संपतोच.

मर्ढेकरांनी लयीची जी तत्त्वे मांडली ती वर्गात आम्ही कितीदा शिकवली असतील: संवाद, विरोध आणि समतोल. या आवाजाला त्यांतले एकही लागू पडत नाही. त्याचा संवाद होईल असा दुसरा सूर नाही, विरोध नाही, म्हणून समतोलाचा प्रश्नच नाही. ऑडिओलॉजिस्ट बाईंनी यंत्रावर निरनिराळे सूर ऐकवून त्याची जुळणी केली तेव्हा तो साधारण ६००० हर्ट्झच्या आसपास निघाला. पियानोची अगदी शेवटची पट्टी ४१८६ हर्ट्झला संपते. आमच्या एका पेटीवादक स्नेह्यांना हा सूर कोणत्या सप्तकातला ते शोधून पाहायचे होते. पेटी फार अलीकडेच संपली. संगीताने ज्या प्रदेशात पट्ट्या बसवण्याचे कष्ट घेतले नाहीत, तेथे आमचे बिऱ्हाड पडले आहे.

सर्व यादीत एकच शब्द असा सापडला की जो एकदाच उच्चारला तरी पुरा होतो. तो म्हणजे 'किर्र'. रातकिड्यांचा आवाज. आमचे घर कोकणात, गावाच्या कडेला. मागे आंब्या-फणसांचे आगर आणि त्यामागे डोंगर. मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्या की संध्याकाळपासून जे सुरू होते त्याला 'किरकिर' म्हणणे हा त्याचा अपमान आहे. शेकडो कीटक एकाच वेळी ओरडत असल्याने एकाची फट दुसरा भरून काढतो आणि एक सलग, ताणलेली आवाजाची चादर होते. आणि या शब्दाचे मराठीने पुढे काय केले पाहा: किर्र रान, किर्र रात्र, किर्र काळोख, किर्र शांतता. आवाजाचा शब्द काळोखाला लावला, आणि तेवढ्यावर न थांबता शांततेला लावला. 'किर्र शांतता' हा शब्दप्रयोग तर्काने पाहिला तर वदतोव्याघात आहे. कान बधिर करणारा आवाज आणि शांतता एकत्र कशी राहतील? पण ज्याने आडगावात रात्र काढली आहे तो या शब्दप्रयोगाला अडखळत नाही. माणसांचे, जनावरांचे, भांड्यांचे आवाज मावळले आणि फक्त ते एक उरले, की आपण त्याला शांतताच म्हणतो.

हे भाषेने सहज ओळखले होते. प्रयोगशाळेला त्यासाठी १९५३ साल उजाडावे लागले. मॉरिस हेलर आणि मो बर्गमन या दोघांनी त्या वर्षी कानाची कोणतीही तक्रार नसलेल्या ८० प्रौढांना ध्वनिरोधक खोलीत बसवले आणि काय ऐकू येते ते टिपायला सांगितले. खोलीत ऐकण्यासारखे काहीच नव्हते. तरी ९४ टक्के माणसांनी काही ना काही ऐकल्याचे नोंदवले. त्याच्या थोडेसेच आधी, १९५१ च्या सुमारास, संगीतकार जॉन केज हार्वर्ड विद्यापीठातल्या तशाच एका खोलीत शांतता ऐकायला म्हणून गेला आणि दोन आवाज ऐकून बाहेर आला. एक उंच, एक खर्जातला. खर्जातला रक्ताभिसरणाचा आणि उंच मज्जासंस्थेचा, असे त्याला सांगण्यात आले. तो उंच आवाज टिनिटसच असावा अशी शंका पुढे अनेकांनी घेतली आहे. १९५२ साली त्याने '४ मिनिटे ३३ सेकंद' ही वाद्यच न वाजवण्याची प्रसिद्ध रचना केली. थोडक्यात, निखळ निःशब्दता ही कोणाच्याच वाट्याला आलेली नाही. आमच्या वाट्याला किर्र जरा जास्त आले, इतकेच.

इतकेच, असे आज लिहिता येते. पहिले वर्ष वेगळे होते.

आम्ही रात्री वाचणारे. दिवसा तास, परीक्षांचे काम, सभा. साडेदहानंतर घर निजले की टेबलावरचा दिवा. कविता आम्ही मोठ्याने वाचत नाही, पण मुक्यानेही वाचत नाही. डोळे ओळीवरून जात असताना आत कोणीतरी ती म्हणत असते. यती कोठे पडला, शब्दाचा भार कोठे आला, हे ते आतले म्हणणे ठरवते. टिनिटसने पहिला घाला घातला तो त्या आतल्या म्हणण्यावर. ज्या जागेत ओळ उमटायची, ती जागा आधीच व्यापलेली. दोन ओळींमधली कोरी जागा, कडवे संपल्यानंतरचा तो क्षणभराचा थांबा, कवीने हिशेबाने मोकळा ठेवलेला. तेथे हा नेमका घुसायचा. पुढे तर कवितेचे पुस्तक उघडले की आम्ही कविता वाचण्याऐवजी आवाजाचीच चाहूल घेत बसत असू. चौदा-पंधरा महिने आम्ही एकही कविता पुरी वाचली नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचल्या, वर्तमानपत्रे जाहिरातींसकट वाचली. कविता शिकवण्याचा पगार घेणाऱ्या माणसाची ही स्थिती आम्ही विभागात कोणाला सांगितली नाही.

झोपेचे तर विचारूच नये. वास्तविक आवाज मोठा नव्हता. यंत्रावर मोजून पाहतात तेव्हा बहुतेकांचा टिनिटस ऐकण्याच्या उंबरठ्यापेक्षा थोड्याच डेसिबलने वर निघतो, कुजबुजीएवढासुद्धा नाही. मोजमापाचा हा आकडा ऐकल्यावर घरच्यांच्या चेहऱ्यावर 'एवढेच?' असे उमटले. त्यांची चूक नाही. आम्हांला जागे ठेवीत होता तो आवाज नव्हे. 'कायमचा' हा एक शब्द.

भट्टनायकाचे साधारणीकरण आम्ही दरवर्षी शिकवतो. नटाचे दुःख रसिकाचे होते, कारण ते कोणा एकाचे राहत नाही. या दुःखाचे साधारणीकरण होत नाही. तापाला थर्मामीटर आहे, मोडलेल्या हाडाला क्ष-किरणांचे चित्र आहे, रडणाऱ्याला अश्रू आहेत. याला अनुभावच नाही. वर्गात बोलता बोलता, बाजारात भाजी घेता घेता, तुमच्याशी हसून बोलता बोलता तो चालू असतो. सहृदय कितीही असला तरी त्याने कशाच्या आधारे समरस व्हावे?

काहींनी समरस होण्याचा प्रयत्न केला, तो निराळ्या वाटेने. आमच्या एका ज्येष्ठ परिचितांनी तर अभिनंदनच केले. म्हणाले, "अहो, हा अनाहत नाद. योगी जन्मभर खटपट करतात त्यासाठी, तुम्हांला घरबसल्या मिळाला." त्या वेळी आम्हांला राग आला होता. नंतर ग्रंथ काढून पाहिले तेव्हा राग राहिला, पण कुतूहलही जागे झाले. स्वात्मारामाच्या हठयोगप्रदीपिकेत चौथ्या उपदेशात नादानुसंधान सांगितले आहे. साधकाला आत ऐकू येणारे नाद तेथे क्रमाने दिले आहेत: आधी समुद्र, मेघ, भेरी, मग मर्दल, शंख, घंटा, शेवटी किंकिणी, बासरी, वीणा आणि भुंगा. स्थूलाकडून सूक्ष्माकडे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातल्या कुंडलिनीच्या वर्णनातही अनाहत येतोच. आता दुसरीकडे वैद्यांचे ग्रंथ पाहा. सुश्रुताने कानाचे २८ रोग मोजले, त्यांत हा विकार आहे. माधवनिदानात त्याची लक्षणे देताना भेरी, मृदंग आणि शंख यांच्यासारखे आवाज येतात तो कर्णनाद, आणि वेळूच्या सुरासारखा येतो तो कर्णक्ष्वेड, असा भेद केला आहे. वाद्ये जवळपास तीच. योग्याने ज्या ताफ्याला सिद्धीच्या मार्गावरचे मुक्काम मानले, तोच ताफा वैद्याने रोगाच्या सदरात टाकला.

आमचे मत विचाराल तर दोघेही खरे बोलत होते. फरक आवाजात नाही. तो कोण बोलावतो आणि कोणावर येऊन पडतो यात आहे. योगी कान बोटांनी मिटून त्याच्या शोधात आत जातो. आम्ही कान मिटले तर तो दुप्पट होतो म्हणून कान उघडे ठेवण्याची धडपड करतो. शिवाय त्याचा नाद पुढे पुढे जातो, सूक्ष्म होतो आणि त्यात मन विरते. आमचा २०१७ साली होता तेथेच आहे. त्यामुळे परिचितांचे अभिनंदन स्वीकारता आले नाही. पण एवढे मात्र त्यातून हाती लागले की, हा आवाज म्हणजे संकटच, हे आवाजाने सांगितलेले नाही. ते आम्ही त्याला जोडलेले आहे.

हीच गोष्ट विज्ञान निराळ्या भाषेत सांगते, आणि ती आम्हांला फार उशिरा कळली. ज्या पहिल्या तज्ज्ञांकडे गेलो त्यांनी चार मिनिटांत तपासून सांगितले, "याला इलाज नाही. सवय करून घ्या." पुढचा रुग्ण आत आलाही होता. ते वाक्य खोटे नव्हते. पण 'सवय करून घ्या' हे सांगणे आणि सवय कशी होते हे सांगणे यांत मोठे अंतर आहे, आणि त्या अंतरात माणसे महिनोन्‌महिने एकटी चालत असतात. पुढे त्या ऑडिओलॉजिस्ट बाईंनी अर्धा तास बसवून जे समजावले ते असे. आतल्या कानाच्या शंखात सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. प्रत्यक्ष ऐकू आणणाऱ्या अशा पेशी एका कानात साडेतीन हजारांच्या आसपासच. त्या गेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. उंच सुरांच्या पेशी बहुधा आधी जातात. तिकडून खबर येईनाशी झाली की मेंदू आपल्या बाजूने आवाज वाढवतो, जसे रेडिओचे स्टेशन लागेनासे झाले की आपण बटण पिळतो. आणि मग ऐकू येते ती खरखर. कान ही केवळ सुरुवात. आवाज घडतो तो मेंदूत. म्हणूनच श्रवणाची नस शस्त्रक्रियेत कापली गेल्यावरही अनेकांचा टिनिटस थांबला नाही.

यापुढचा भाग पावेल यास्त्रेबॉफ यांच्या १९९० च्या सुमाराच्या मांडणीचा आहे, आणि तो साहित्याच्या माणसाला चटकन कळतो. मेंदू आवाज ऐकतो तो त्याच्या मोठेपणावरून नव्हे, त्याच्या अर्थावरून. मुंबईत रुळांलगतच्या चाळीत माणसे पहाटेच्या लोकलच्या धडधडाटात निवांत झोपतात, आणि शेजारी पाळण्यातले मूल नुसते कुसकुसले तरी आईला जाग येते. ज्याला धोक्याचा अर्थ चिकटला तो आवाज मेंदू सोडत नाही. ज्याला काहीच अर्थ नाही तो मागे टाकतो. भिंतीवरच्या घड्याळाचे तसेच होते. म्हणजे सवय ही आवाजाची होत नाही. त्याचा अर्थ गळून पडतो. आम्ही मात्र रात्री पडल्या पडल्या त्या निरर्थक सुरावर भाष्यावर भाष्ये रचत होतो: हा वाढणार, आपण ठार बहिरे होणार, कविता गेली, नोकरीही जाणार. रूपाचा पत्ता नसलेल्या संहितेतून एवढा आशय क्वचितच कोणी काढला असेल.

ही भाष्ये थांबवण्याची जी पद्धत मानसोपचारात आहे ती कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, अर्थात सीबीटी. २०२० साली कॉक्रेनने २८ अभ्यासांचा, २७३३ रुग्णांचा जो आढावा घेतला त्यात तिने टिनिटसचा आयुष्यावरचा उपद्रव कमी होतो असे दिसले. आवाज कमी होतो असा तिचा दावाच नाही. आम्ही नऊ बैठका केल्या. त्यांतले बरेचसे आम्हांला बाळबोध वाटले, काही तर शाळकरी. पण उपयोग झाला हे नाकारता येत नाही. औषधांचे म्हणाल तर या विकारावर मान्यता मिळालेले एकही नाही. जिंको नावाच्या झाडपाल्याच्या गोळ्या जो तो सुचवतो. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली त्या देऊ नयेत असेच म्हटले आहे. कानात सूर आणि जिभेवर विजेचे सौम्य स्पंदन एकाच वेळी देणाऱ्या एका यंत्राला २०२३ साली अमेरिकेत परवानगी मिळाली. आम्ही ते वापरलेले नाही. एक गोष्ट मात्र येथे सांगून ठेवतो, कारण ती आमच्या एका विद्यार्थ्याच्या बाबतीत महत्त्वाची ठरली: आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, किंवा एका दिवसात अचानक ऐकू येईनासे झाले असेल, तर सवय वगैरे सर्व बाजूला ठेवून तातडीने तज्ज्ञाकडे जावे. अचानक गेलेले ऐकणे परत आणण्याची मुदत फार थोडी, काही दिवसांचीच असते.

पाश्चात्त्य कलावंतांत या विकाराचे सोबती बरेच आहेत. बेथोव्हेनने १८०१ सालच्या पत्रात आपले कान रात्रंदिवस गुणगुणत असल्याचे मित्राला कळवले. रूसोने आपल्या आत्मकथनात ('कन्फेशन्स') कानातल्या आवाजाचे चार घटक सुटे करून दाखवले आहेत. आमच्या वाचनात टिनिटसचे इतके शिस्तशीर वर्णन दुसरे नाही. पण मनात घर केले ते स्मेतानाने. हा चेक संगीतकार १८७४ साली बहिरा झाला आणि १८७६ साली त्याने 'माझ्या जीवनातून' हे तंतुवाद्यांचे चतुष्टक लिहिले. शेवटच्या भागात नाचरे, आनंदी संगीत चाललेले असताना ते एकाएकी थांबते, आणि खालच्या तंतूंच्या थरथरीवर पहिले व्हायोलिन एक अतिशय उंच सूर लांबवत धरते. तो त्याच्या कानातला सूर. आम्ही तो ऐकला तेव्हा प्रथमच वाटले की, अनुभावावाचूनही या दुःखाचे साधारणीकरण कोणीतरी करून गेला आहे. घरातल्यांनाही बोलावून ऐकवला. "असा येतो?" एवढेच विचारले त्यांनी. साधारण असा, असे आम्ही सांगितले. स्मेतानाचा सूर आमच्याहून पुष्कळ खालचा आहे. पण तो तपशील त्या वेळी गैरलागू होता.

आमचे वर्गातले हाल वेगळ्या कारणाने होते. उंच कंपनांच्या पेशी गेल्या म्हणजे बोलण्यातले स्वर शाबूत राहतात आणि व्यंजने झिजतात. अ, आ, ओ ऐकू येतात. स, श, त, थ, फ धुरकट होतात. मागच्या बाकावरची मुलगी 'रस' म्हणाली की 'रथ', हे तिच्या ओठांवरून ठरवावे लागे. रससिद्धान्ताच्या तासाला ही अडचण लहान नव्हे. व्यंजनच गेले तर व्यंजना कोठून राहणार, असा विनोद आम्ही शिक्षकांच्या खोलीत केला आणि त्यानंतर लोकांना एकदाचे कळले. २०१९ च्या दिवाळीनंतर दोन्ही कानांना श्रवणयंत्रे बसवली. त्यांनी बाहेरचे उंच आवाज वाढवून दिले की मेंदूला बटण पिळत बसावे लागत नाही आणि आतला आवाज थोडा मागे सरकतो. सर्वांच्याच बाबतीत असे होत नाही, आमच्या बाबतीत झाले. पहिल्या दिवशी वर्तमानपत्राची घडी मोडताना इतका सळसळाट झाला की आम्ही दचकलो. स परत आला होता.

मराठीत 'शांतता' हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी चालतो: आवाज नसणे आणि मन स्वस्थ असणे. 'शांतता! कोर्ट चालू आहे' या तेंडुलकरांच्या नाटकाच्या नावात तर ती एक आज्ञा आहे, आणि त्या आज्ञेखाली नाटकात जे घडते त्यात स्वस्थतेचा अंशही नाही. दोन अर्थ एका शब्दात राहत असल्याने आपण समजून चालतो की पहिली गोष्ट मिळाली की दुसरी मिळेल. हिल स्टेशनच्या जाहिराती याच समजावर चालतात. आमच्याकडून पहिली गोष्ट काढून घेतली गेली आणि बराच काळ आम्ही दुसरीवरही पाणी सोडून बसलो होतो. समीक्षेत आता 'मौन', 'निःशब्दाचा अवकाश' असे शब्द आले की आम्ही पूर्वीपेक्षा चिकित्सकपणे वाचतो. त्यांतले पुष्कळसे मौन हे ज्याने कधी कान देऊन ऐकले नाही त्याचे असते.

रोजचे व्यवहार आता ठरून गेले आहेत. गणपतीच्या दिवसांत ढोल-ताशे येतात तेव्हा कानांत बोळे. पण एरवी शांत घरात बोळे घालून बसायचे नाही, कारण कानाला जितके कमी द्यावे तितका मेंदू आवाज वाढवतो. रात्री पूर्ण निवांत खोली टाळायची. पावसाळ्यात काही करावे लागत नाही. खिडकी उघडली की रातकिडे आमच्या आवाजाला असे सामावून घेतात की कोणता आतला आणि कोणता बाहेरचा हे सांगता येत नाही. हिवाळ्यात पंखा लागतो, आणि त्यावरून घरात वाद होतो. डिसेंबरात पांघरूण घेऊन वर पंखा लावणारा नवरा कोणाला सोसेल? शेवटी तोड निघाली. टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून ठेवायचा; वारा भिंतीला, आवाज आम्हांला.

अडचण येते ती एप्रिल-मे महिन्यांत, वीज गेल्यावर. पंखा बंद, पाऊस नाही, रातकिडे नाहीत, वारा पडलेला. अशा वेळी अंथरुणात पडून राहण्याऐवजी आम्ही उठून ओटीवर विजेरी घेऊन बसतो. गेल्या मे महिन्यात सलग तीन रात्री वीज गेली होती. 'मर्ढेकरांची कविता' हे पुस्तक हाताशी होते. दुसऱ्या रात्री निम्मे झाले, तिसऱ्या रात्री संपले.